मोजपट्टी कोणाच्या हातात आहे?

तुमच्या कथांचा गठ्ठा वाचून संपला. शेरे वहीत लिहिले नाहीत, कारण बहुतेकांना एकच शेरा लागू आहे आणि तो सगळ्यांनी मान वर करून ऐकायचा आहे. तुम्ही आळस केलात. शुद्धलेखनात केलात ते मी एक वेळ सोडून देईन. विचार करण्यात केलात, ते सोडणार नाही.

जी वही उघडावी तिच्यात तेच. जगावर काहीतरी कोसळतं, नायकाच्या डोळ्यांसमोर निळी चौकट उघडते आणि तिच्यात लिहिलेलं असतं की तो लेव्हल एकवर आहे. पुढच्या पानावर तो सातवर, शेवटच्या पानावर सत्तेचाळीसवर. ताकद अधिक बारा, चपळाई अधिक नऊ, नवं स्किल, नवी तलवार. मधे किती माणसं मेली, त्यांना कोणी ओळखत होतं का, नायकाला त्या रात्री झोप लागली का, याचा पत्ता नाही. आणि जो प्रश्न सगळ्यात आधी पडायला हवा तो तर कोणालाच पडलेला नाही. ही चौकट पाठवली कोणी? गुण कोण देतंय, आणि त्याला त्यातून काय मिळतंय? तुमच्या कथांत सिस्टीम येते, बस्स. तिला मालक नाही, हेतू नाही, पत्ता नाही. वर वहीच्या मुखपृष्ठावर ‘विज्ञानकथा’ असं ठळक अक्षरांत लिहायचं धाडस आहेच. कार्यकारणभाव ज्या गोष्टीत नाही तिला विज्ञानकथा कोण म्हणेल?

मागच्या बाकांवरून हसू येतंय. हसणाऱ्यांनो, तुमचा हिशेब आधी चुकता करते. मित्रांच्या वह्यांच्या कडेला तुम्ही ‘पोरकट’, ‘गेमछाप’ असे शेरे ओढले आहेत. या प्रकारचं एक तरी पुस्तक शेवटपर्यंत वाचलंत का? नाक मुरडायला अभिरुची लागत नाही, वाचायला लागते. जगभरातली माणसं ज्या कादंबऱ्यांसाठी रात्र रात्र जागतात त्यांत असं काय आहे, हे शोधणं तुमचं काम आहे. लिहायला शिकायला आला आहात ना इथे? मग निमूट ऐका.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आला. कागद, पेन्सिल, फासे आणि चार मित्र एवढ्या भांडवलावर चालणारा. त्यात पात्राच्या अनुभवाला आकडा मिळाला. अनुभवाचे गुण साठले की पात्र वरच्या लेव्हलला जातं, हे तुमच्या वह्यांतलं सूत्र तिथून आलेलं आहे. पुढे कॉम्प्युटर गेमनी ते उचललं आणि त्यांच्याकडून कादंबरीने. जपानमध्ये रेकी कावाहारा याची ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ २००२ पासून इंटरनेटवर होती, २००९ मध्ये ती पुस्तकरूपात आली. रशियात २०१३च्या सुमाराला अशा लेखनाला लिटआरपीजी हे नाव पडलं. इतका इतिहास पुरे. मला थांबायचं आहे ते कोरियात.

२००७ साली नाम ही-सुंग याची ‘लेजंडरी मूनलाइट स्कल्प्टर’ ही मालिका सुरू झाली. तिचा नायक गरीब घरातला मुलगा आहे. घरी आजी, धाकटी बहीण आणि डोक्यावर सावकारांचं कर्ज. एका गेममध्ये वर्षानुवर्षं घडवलेलं आपलं पात्र तो विकतो, डोळे फिरतील एवढी रक्कम मिळते आणि सावकार ती घेऊन जातात. मग घर चालवण्यासाठी तो नव्या गेममध्ये उतरतो आणि तालीमखान्यात उभा राहून लाकडी तलवारीने गवताच्या बाहुल्यावर वार करत बसतो. आठवडेच्या आठवडे. बाकीचे खेळाडू कंटाळून कधीच साहसाला निघून गेलेत. हा हलत नाही. वाचकाला इथे जांभई यायला हवी. येत नाही, उलट पान सोडवत नाही. का?

कारण त्या मुलाने बाहेरच्या जगात उपसलेल्या कष्टांची नोंद कुठेही झालेली नाही आणि इथे प्रत्येक वाराची होते आहे. १९९७च्या आर्थिक संकटाने ज्या देशात आयुष्यभराच्या नोकरीची हमी मोडून काढली, तिथल्या तरुणांनी ही कथा उचलून धरली यात मला नवल वाटत नाही. चुगाँग या कोरियन लेखकाची ‘सोलो लेव्हलिंग’ २०१६ मध्ये सुरू झाली, तिचंही मर्म हेच. तुमच्यापैकी निम्म्यांनी तिचं ॲनिमे पाहिलं आहे, म्हणून सांगते. सुंग जिनवू हा सगळ्यात खालच्या श्रेणीचा शिकारी. आई इस्पितळात निपचित पडलेली. एके दिवशी त्याला सिस्टीम दिसू लागते आणि ती त्याला काय देते? रोज शंभर जोर, शंभर सिट-अप्स, शंभर बैठका आणि दहा किलोमीटर धावणं. चुकवलं तर थेट वाळवंटात, राक्षसी गोमांच्या तोंडी. आपल्या तालमीतला कोणीही वस्ताद हेच सांगेल. फरक इतकाच की इथे घामाचा थेंब पडला की आकडा हलतो आणि तो डोळ्यांना दिसतो.

दिसण्याला फार मोठी ताकद आहे. २००६ मध्ये जोसेफ न्यून्स आणि झेव्हिए ड्रेझ या अभ्यासकांनी मोटारी धुण्याच्या एका केंद्रावर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काही गिऱ्हाइकांना आठ घरांचं कार्ड दिलं, आठ शिक्के पडले की एक धुलाई फुकट. बाकीच्यांना दहा घरांचं कार्ड दिलं, पण त्यातली दोन घरं आधीच शिक्का मारून भरलेली. दोघांनाही आठच वेळा यायचं होतं. पहिल्या गटात १९ टक्के लोकांनी कार्ड पुरं केलं, दुसऱ्यात ३४ टक्के. काम तेवढंच, बक्षीस तेच. दोन शिक्के आधी दिसले म्हणून माणसं अधिक नेटाने परत आली. तेव्हा हसणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, या कथांची ओढ ही कोणा आळशी पोराची खोड नाही. भरत जाणारी पट्टी पाहिली की माणूस पुढे सरकतो, आणि आपल्या श्रमांची कोणीतरी प्रामाणिक नोंद ठेवावी ही भूक तर त्याहून जुनी आहे. या भुकेची टिंगल मी या वर्गात चालवून घेणार नाही.

आता बाकीच्यांनी कान इकडे करा. ही भूक तुम्ही ओळखलीत, पण तिच्यावर फुकटचे शिक्के मारत सुटलात. तुमचा नायक सत्तेचाळीसाव्या लेव्हलला पोचतो तेव्हा मला काहीही वाटत नाही, कारण पहिल्या लेव्हलला त्याला काय कमी होतं हे तुम्ही मला सांगितलंच नाहीत. बाहुल्यावर वार करणाऱ्या मुलाच्या मागे आजी आहे, कर्ज आहे. तुमच्या नायकाच्या मागे कोण आहे? एका कथेत त्याची आई तिसऱ्या ओळीत मरते आणि पुढे तिचं नाव निघत नाही. आईला अशा रीतीने मारायला लाज वाटली पाहिजे.

पण माझी खरी तक्रार मोजणाऱ्याविषयी आहे. जो मोजतो तो कधीच तटस्थ नसतो. पुन्हा त्या १९७४च्या खेळाकडे जाऊ. सुरुवातीच्या नियमांत डंजनमधून, म्हणजे राक्षसांनी भरलेल्या भुयारातून, सोन्याचं एक नाणं बाहेर आणलं की अनुभवाचा एक गुण मिळायचा. राक्षस मारण्याचे गुण त्या मानाने थोडेच. मग शहाणे खेळाडू काय करायचे? लढाई टाळायचे. राक्षस झोपेपर्यंत वाट बघायचे, लाच द्यायचे, दोर टाकून मागच्या बाजूने उतरायचे आणि पेटी घेऊन पसार व्हायचे. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याबद्दल गुण देण्याचा नियम ऐच्छिक झाला. तो नियम जिथे गेला तिथे लढाई टाळण्यातला फायदाही गेला. फासे तेच, माणसं तीच, पण कशाला गुण द्यायचे हे बदललं की शूर कोण आणि शहाणा कोण याची उत्तरंही बदलतात. नियम लिहिणारा माणूस खेळणाऱ्याचा स्वभाव घडवत असतो. केवढा मोठा विषय तुमच्या हाताशी होता! तुम्ही त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाहीत.

ज्यांची नक्कल केलीत त्यांनी पाहिलं होतं, हे जास्त बोचतं. ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’मध्ये दहा हजार खेळाडू गेममध्ये अडकतात, तिथे मेला तो खरोखर मेला, आणि हे सगळं घडवणारा कायाबा दुसऱ्या नावाने त्यांच्यातच वावरत असतो. मोजणारा पंगतीलाच बसलेला आहे. ‘सोलो लेव्हलिंग’मधली सिस्टीम जिनवूवर दया येऊन अवतरलेली नाही, तिला रचणारा एक शिल्पकार आहे आणि एका भलत्याच सत्तेला वस्तीला यायचं म्हणून तो या पोराचं शरीर तयार करवून घेतो आहे. ते जोर आणि बैठका कोणासाठी चालल्या होत्या, हे कळल्यावर मागची सगळी पानं वेगळी दिसू लागतात. तुम्ही बैठका उचलल्यात आणि शिल्पकाराला मागे सोडून आलात. त्याही आधी, १९८५ मध्ये, ऑर्सन स्कॉट कार्डच्या ‘एंडर्स गेम’मधल्या मुलाला वाटत असतं की तो सराव परीक्षेतला शेवटचा खेळ जिंकतो आहे. प्रत्यक्षात त्याने एक अख्खी जमात संपवलेली असते, आणि मोठ्या माणसांनी त्याला तसं कळू दिलेलं नसतं. गुणांच्या पडद्याआड मुलांकडून काय काय करून घेता येतं, याहून कठोर विज्ञानकथा मला माहीत नाही.

आणि मग मॅट डिनिमनची ‘डंजन क्रॉलर कार्ल’. २०२० मध्ये लेखकाने स्वतःच प्रसिद्ध केलेली, २०२४ मध्ये मोठ्या प्रकाशनसंस्थेने नव्याने काढलेली. वरून पाहिलं तर तुमच्या कथांचीच सख्खी बहीण. लेव्हल आहेत, लुटीच्या पेट्या आहेत, बॉस आहेत, बोलणारी मांजर आहे. थंडीच्या रात्री कार्ल नावाचा तरुण, माजी मैत्रिणीची मांजर बाहेर पळाली म्हणून, चड्डीवरच तिच्यामागे धावतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर छपराखाली असलेलं सगळं भुईसपाट होतं. उघड्यावर होते ते वाचले. त्यांना सांगितलं जातं की तुमच्या ग्रहावरच्या खनिजांचा हक्क तुम्ही मुदतीत मागितला नाहीत, सबब आता तो दुसऱ्यांचा झाला. ज्या दरबाराचं नावही पृथ्वीने ऐकलेलं नाही, तिथे अर्ज करायची मुदत संपली म्हणे! जगायचं असेल तर जमिनीखालच्या अठरा मजली डंजनमध्ये उतरा. सबंध आकाशगंगा ते थेट प्रक्षेपणात बघणार, कंपनी त्यावर पैसे कमावणार.

इथे थांबा आणि बघा, लेखकाने काय केलं आहे. तुम्ही सहा ओळींत उरकलेली निळी चौकट त्याने कादंबरीचा खलनायक करून टाकली. तिच्यामागे कंपनी आहे, कायदा आहे, जाहिरातदार आहेत, प्रेक्षकांची मर्जी आहे आणि हळूहळू आपल्याच लहरीने वागू लागलेली एक यंत्रबुद्धी आहे. कार्लला बक्षीस मिळतं तेव्हा त्याच्या घोषणेत त्याचा अपमान असतो. प्रेक्षकांना तो आवडला तर त्याला मदत मिळेल, म्हणून त्याला आवडून घ्यावं लागतं. त्याची लेव्हल वाढते तेव्हा मला आनंद होतो आणि त्याच क्षणी आपण कोणत्या प्रेक्षकांत बसलो आहोत हेही उमगतं. पेटीत काय निघतंय याची उत्सुकता त्या परग्रहवासीयांना आहे तशीच मलाही आहे. वाचकाच्या आनंदालाच प्रश्न विचारणारी ही रचना आहे, आणि आनंद तसूभरही कमी न करता ती प्रश्न विचारते. याला कसब म्हणतात.

त्याच पुस्तकात वृद्धाश्रमाच्या लोकांचा प्रसंग आहे. म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी काही माणसं त्यांना व्हीलचेअरवर ढकलत डंजनमध्ये घेऊन आलेली असतात. डंजनच्या मोजपट्टीवर या म्हाताऱ्यांची किंमत शून्य. त्यांच्यामुळे वेळ जाणार आणि वेळ संपला की मजला कोसळणार. कार्ल त्यांच्यासाठी थांबतो. सिस्टीमने ज्याला शून्य किंमत दिली त्यासाठी तो जीव धोक्यात घालतो, आणि त्या क्षणापासून तो माणूस म्हणून मोठा होत जातो. ही वाढ कुठल्याच चौकटीत उमटत नाही. ती वाचकाला दिसते, मोजणाऱ्याला दिसत नाही. या प्रकारच्या लेखनाचं सगळं बळ या फटीत आहे. तुमच्या एकाही कथेत असं एखादं माणूस नव्हतं ज्याची किंमत सिस्टीमला कळली नाही आणि नायकाला कळली.

आणि हे तुम्हाला सुचू नये? तुम्हाला? दहावीपासून टक्क्यांत, मग सीईटीच्या पर्सेंटाइलमध्ये मोजली गेलेली मुलं तुम्ही. आपला अभ्यास कितीही झाला तरी इतरांचा त्याहून झाला असेल तर पर्सेंटाइल घसरतो, हे तुम्ही पोटात गोळा येऊन शिकला आहात. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा एकेक टप्पा पार करणारी तुमचीच भावंडं आहेत. पूर्व, मुख्य, मुलाखत. प्रत्येक मजल्यावर गर्दी कमी होत जाते आणि वरच्या मजल्याचं दार कधी उघडणार हे दुसरं कोणी ठरवतं. घरी जेवण पोचवायला येणाऱ्या मुलाच्या मोबाइलकडे कधी नजर गेली आहे का? आणखी इतक्या ऑर्डर पोचवल्यास की इन्सेन्टिव्ह, असं सांगणारी भरत जाणारी पट्टी त्याच्या हातात असते. त्याचे तारे कोण देतं? आपणच देतो, भाजी गार झाली म्हणून. त्या मोटारी धुण्याच्या कार्डातली युक्ती आता माणसाच्या पोटाला बांधलेली आहे. हे सगळं डोळ्यांसमोर असताना तुम्ही तुमचा डंजन कुठे बांधलात? सोल शहरात, जिथे तुमच्यापैकी कोणी गेलेलं नाही. चुगाँगने त्याच्या शहरात बांधला, ते त्याचं शहर आहे म्हणून.

मराठी विज्ञानकथेला मोजणाऱ्याचं भान नवं नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. परीक्षकाची मोजपट्टी नावाने वाकू नये एवढी काळजी त्यांनी घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. इतक्या मोठ्या वैज्ञानिकाने एका कथास्पर्धेत हे ओळखलं, आणि तुमच्या वह्यांमध्ये विश्वातली सगळ्यात बलाढ्य यंत्रणा गुण वाटत सुटते तरी तिच्या हाताकडे बघायचं कोणाला सुचत नाही.

कथा फाडायला सांगत नाही मी. लेव्हल ठेवा, क्वेस्ट ठेवा, ग्राइंड तर ठेवाच, कारण पुन्हा पुन्हा तेच काम करत राहण्यातली चिकाटी लिहिणं सोपं नाही आणि ती नीट लिहिलीत तर मी आनंदाने वाचेन. पण आकडा वाढवण्याआधी त्याची किंमत वसूल करा. ताकद बारा गुणांनी वाढली तर काय गेलं? वेळ गेला, मित्र गेला, झोप गेली, की कालपर्यंत जे वाईट वाटत होतं ते वाटेनासं झालं? नियम घट्ट बांधा, इतके घट्ट की हुशार वाचकाला त्यातली पळवाट नायकाच्या आधी दिसावी आणि तो अस्वस्थ व्हावा. ऐन वेळी नवं स्किल देऊन नायकाला सोडवलंत तर त्या पानापासून वाचक तुमच्यावरचा विश्वास सोडतो. तो परत येत नाही. विज्ञानकथेत तुम्ही वाचकाला दिलेलं वचन एवढंच असतं की या जगात कारणाशिवाय काही घडणार नाही. ते मोडायची परवानगी कोणालाही नाही.

येत्या गुरुवारी प्रत्येकाने दोन पानं लिहून आणायची. त्यात नायक नको, लढाई नको. तुमची सिस्टीम कोणी उभी केली, ती कशाला गुण देते, कशाला देत नाही आणि तिच्या मालकाला त्यातून काय मिळतं, एवढंच लिहा. हे जमलं तरच पुढची कथा. मागच्या बाकांनी लिहायचं नाही, वाचायचं. ‘डंजन क्रॉलर कार्ल’चा पहिला भाग पूर्ण वाचून या. व्हीलचेअरवरच्या त्या म्हाताऱ्यांसाठी कार्ल का थांबला, हे मी एकेकाला उभं करून विचारणार आहे.